संयुगातल्या मूलद्रव्याचा प्रभार कसा काढायचा

तांब्याची दोन ऑक्साइडं नेहमी भेटतात. एक लाल, एक काळं. दोन्हींत तांबं आणि ऑक्सिजन सोडून तिसरं काही नाही, तरी रंग वेगळा, रासायनिक वागणूक वेगळी, नावही वेगळं. फरक आहे तांब्याच्या प्रभारात. लाल ऑक्साइडमध्ये तांब्याच्या प्रत्येक अणूने एक इलेक्ट्रॉन दिलेला असतो, काळ्यामध्ये दोन. संयुगाचं सूत्र समोर असेल तर हा आकडा मिनिटभरात काढता येतो. तो जमला की सूत्र लिहिणं, नाव देणं, समीकरण संतुलित करणं ही पुढची कामं बरीच हलकी होतात.

नव्याने रसायनशास्त्र शिकणाऱ्याच्या हातात सहसा प्रभारांचा भलामोठा तक्ता पडतो आणि तो पाठ करायला सांगितलं जातं. थोडं पाठांतर लागतंच, पण ते पंधरा-वीस नोंदींच्या पुढे जात नाही. बाकी सगळं एकाच नियमावर चालतं: संयुग उदासीन असतं, म्हणून त्यातल्या सगळ्या धन आणि ऋण प्रभारांची बेरीज शून्य येते. ज्यांचा प्रभार नक्की माहीत आहे ते आधी मांडायचे, ज्याचा माहीत नाही तो शेवटी काढायचा.

सूत्र वाचण्याची सवय

सूत्रात मूलद्रव्याच्या चिन्हाखाली जो बारीक आकडा असतो तो अणूंची संख्या सांगतो. प्रभार चिन्हाच्या वर, अधिक किंवा उणे चिन्हासह लिहितात. या दोन आकड्यांची गल्लत ही सुरुवातीची सर्वांत मोठी अडचण आहे. मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये क्लोरिनच्या खाली २ असतो. त्याचा अर्थ क्लोरिनचा प्रभार −२ आहे असा नाही. क्लोरिनचे दोन अणू आहेत, प्रत्येकाचा प्रभार −१ आहे, आणि म्हणून मॅग्नेशियमचा +२ आहे.

या लेखात सूत्रं शब्दांत दिली आहेत: ‘लोह २, ऑक्सिजन ३’ म्हणजे लोहाचे दोन अणू आणि ऑक्सिजनचे तीन. वहीत चिन्हं लिहा, पण मनात असंच वाचा. नुसती अक्षरं पाहिली की डोळा पुढे सरकतो. ‘ऑक्सिजन तीन’ असं वाचलं की तीनने गुणायचं लक्षात राहतं.

पायरी १: न बदलणारे प्रभार आधी मांडा

आवर्तसारणीतला गण, म्हणजे उभा स्तंभ पाहा. पहिल्या गणातले धातू (लिथियम, सोडियम, पोटॅशियम वगैरे) संयुगात +१. दुसऱ्या गणातले (मॅग्नेशियम, कॅल्शियम, बेरियम वगैरे) +२. ॲल्युमिनियम +३. जस्त +२ आणि चांदी जवळजवळ नेहमी +१. अधातूंकडे आलात की १८ मधून गणाचा क्रमांक वजा करा. जितके उरतील तितके इलेक्ट्रॉन तो अधातू धातूकडून घेतो. क्लोरिन १७ व्या गणात, म्हणून −१. ऑक्सिजन आणि गंधक १६ व्या, म्हणून −२. नायट्रोजन १५ व्या, म्हणून नायट्राइडमध्ये −३.

हे आकडे आले कुठून, हे एकदा नीट पाहून ठेवा, म्हणजे पुन्हा विसरायला होत नाही. सोडियमच्या अणूतून पहिला इलेक्ट्रॉन काढायला दर मोलला (मोल म्हणजे अणू मोजण्याचं ठरावीक मोठं माप) सुमारे ४९६ किलोजूल ऊर्जा लागते. दुसरा काढायला ४,५६२ किलोजूल, म्हणजे नऊपटीहून जास्त, कारण तो आतल्या भरलेल्या कवचातून ओढावा लागतो. मॅग्नेशियममध्ये हीच उडी एक घर पुढे सरकते: पहिल्याला ७३८, दुसऱ्याला १,४५१, आणि तिसऱ्याला एकदम ७,७३३. ॲल्युमिनियमचे आकडे आहेत ५७८, १,८१७, २,७४५ आणि मग ११,५७७. उडी जिथे येते तिथे देणं थांबतं. सोडियम एकावर, मॅग्नेशियम दोनवर, ॲल्युमिनियम तीनवर. एवढी ऊर्जा संयुग तयार होताना परत मिळत नाही, म्हणून +२ प्रभाराचा सोडियम संयुगांत सापडत नाही. सोडियमचा प्रभार +२ असा आला, तर उत्तर तपासत बसू नका, मांडणी तपासा.

लोह, तांबं, मँगेनीज, क्रोमियम यांसारख्या संक्रामक मूलद्रव्यांमध्ये अशी ठळक उडी लवकर येत नाही. बाहेरच्या कवचातले आणि त्याच्या आतल्या कवचातले इलेक्ट्रॉन ऊर्जेने जवळजवळ असतात, म्हणून कधी दोन जातात, कधी तीन. कथिल आणि शिसं या धातूंचेही दोन-दोन प्रभार आहेत, +२ आणि +४. यांचा प्रभार पाठ करायचा नसतो, दर वेळी काढायचा असतो.

पायरी २: एकत्र राहणारे गट ओळखा

हिशेबाला हात घालण्याआधीची ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते निम्म्याहून अधिक चुका इथेच होतात. काही अणू गटाने राहतात आणि सगळ्या गटाचा मिळून एक प्रभार असतो. सुरुवातीला एवढे पुरे:

−१: हायड्रॉक्साइड, नायट्रेट, नायट्राइट, बायकार्बोनेट, सायनाइड, क्लोरेट, परमँगनेट
−२: सल्फेट, सल्फाइट, कार्बोनेट, क्रोमेट, डायक्रोमेट
−३: फॉस्फेट
+१: अमोनियम

नायट्रेट आणि नायट्राइट यांच्यात ऑक्सिजनचा एक अणू कमी-जास्त आहे, पण गटाचा प्रभार तोच. सल्फेट आणि सल्फाइटचंही तसंच. ऑक्सिजन कमी झाला तरी गटाचा प्रभार बदलत नाही. बदलतो तो मधल्या अणूचा. मात्र सल्फाइट आणि सल्फाइड यांच्यात घोळ करू नका. सल्फाइड म्हणजे एकट्या गंधकाचा −२ प्रभाराचा आयन (प्रभार असलेल्या अणूला किंवा गटाला आयन म्हणतात), त्यात ऑक्सिजन नाहीच.

सूत्रात कंस दिसला तर आतला भाग बहुतेक वेळा असाच गट असतो. गट एकदाच असेल तर कंस देत नाहीत, तेव्हा तो स्वतः ओळखावा लागतो.

पायरी ३: अनोळखी प्रभाराला क्ष माना आणि बेरीज शून्य करा

लोहाचं तांबूस ऑक्साइड घ्या: लोह २, ऑक्सिजन ३. ऑक्सिजनचा प्रभार −२, तीन अणूंचा मिळून −६. लोहाच्या एका अणूचा प्रभार क्ष.

२क्ष + ३(−२) = ०
२क्ष = ६
क्ष = +३

शेवटी दोनने भागायला विसरू नका. +६ हा दोन्ही लोह अणूंचा मिळून प्रभार आहे, आणि आपल्याला एकाचा हवा आहे.

मोरचूद: तांबं १, सल्फेट १, पाणी ५. सल्फेट −२. पाण्याचा रेणू उदासीन, त्याचा वाटा शून्य. क्ष − २ + ० = ०, म्हणून तांबं +२. स्फटिकजल कितीही असो, प्रभाराच्या हिशेबात ते येत नाही. पाण्यातला ऑक्सिजन सल्फेटच्या ऑक्सिजनमध्ये मिळवून नऊ ऑक्सिजन मोजत बसलात, तर निष्कारण लांबचा रस्ता होतो.

तुरटी: पोटॅशियम १, ॲल्युमिनियम १, सल्फेट २, पाणी १२. ॲल्युमिनियमचा प्रभार माहीत नाही असं क्षणभर धरू. १ + क्ष + २(−२) = ०, म्हणून क्ष = +३. पहिल्या पायरीतल्या आकड्याशी जुळलं.

आता जरा लांब सूत्र. पोटॅशियम फेरोसायनाइडचे स्फटिक पिवळे असतात: पोटॅशियम ४, लोह १, सायनाइड ६. ४ + क्ष − ६ = ०, लोह +२. पोटॅशियम फेरीसायनाइडचे स्फटिक लाल: पोटॅशियम ३, लोह १, सायनाइड ६. ३ + क्ष − ६ = ०, लोह +३. पोटॅशियमचा एक अणू कमी झाला, तेवढाच लोहाचा प्रभार एकाने वाढला.

गटाच्या आतल्या अणूचा प्रभार

इथे बेरीज शून्य होत नाही, गटाच्या प्रभाराइतकी होते. डायक्रोमेटमध्ये क्रोमियम २, ऑक्सिजन ७, एकूण −२.

२क्ष + ७(−२) = −२
२क्ष = १२
क्ष = +६

परमँगनेट: मँगेनीज १, ऑक्सिजन ४, एकूण −१. क्ष − ८ = −१, मँगेनीज +७.

हे +७ खऱ्या आयनासारखं समजू नका. द्रावणात सात इलेक्ट्रॉन गमावलेला मँगेनीजचा सुटा आयन फिरत नसतो. मँगेनीज आणि ऑक्सिजन यांच्यात इलेक्ट्रॉनांची भागीदारी असते, आणि आपण ते सगळे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या नावावर टाकून हिशेब करतो, कारण ऑक्सिजनची विद्युत ऋणता, म्हणजे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची ताकद, जास्त. अशा आकड्याला ऑक्सिडीकरण अंक म्हणतात. मिठातल्या सोडियमच्या बाबतीत खरा प्रभार आणि ऑक्सिडीकरण अंक हे दोन्ही एकच येतात, परमँगनेटमधल्या मँगेनीजच्या बाबतीत नाही. लिहिण्याची पद्धतही वेगळी आहे: आयनाचा प्रभार लिहिताना आकडा आधी आणि चिन्ह नंतर (२+), ऑक्सिडीकरण अंक लिहिताना चिन्ह आधी (+२). इथे बेरजेसाठी सगळीकडे चिन्ह आधी ठेवलं आहे.

दोन नियम एकमेकांच्या आड आले तर कोणाचं ऐकायचं, याचा क्रम असा: आधी फ्लोरिन (नेहमी −१), मग पहिल्या-दुसऱ्या गणातले धातू आणि ॲल्युमिनियम, मग हायड्रोजन (+१), मग ऑक्सिजन (−२), आणि त्यानंतर क्लोरिन, ब्रोमिन, आयोडिन (−१). वरच्याचं आधी मांडायचं, खालच्याला जे उरेल ते. सोडियम हायड्राइडमध्ये सोडियम वरचा, म्हणून हायड्रोजनला −१ व्हावं लागतं. ऑक्सिजन डायफ्लोराइडमध्ये फ्लोरिन वरचा, म्हणून चक्क ऑक्सिजन +२ होतो. क्लोरेटमध्ये (क्लोरिन १, ऑक्सिजन ३) ऑक्सिजन वरचा: क्ष − ६ = −१, क्लोरिन +५.

तिरकस पद्धत उलटी चालवू नका

प्रभारांवरून सूत्र लिहिताना तिरकस पद्धत शिकवतात: एकाचा प्रभार दुसऱ्याच्या खाली. ॲल्युमिनियम +३, ऑक्सिजन −२, म्हणून ॲल्युमिनियम २, ऑक्सिजन ३. त्या दिशेने ती उपयोगी आहे. पण सूत्रावरून प्रभार काढायला तीच उलटी फिरवली की फसगत होते, कारण सूत्र लिहिताना आकडे संक्षिप्त केलेले असतात.

मॅग्नेशियम ऑक्साइड पाहा: मॅग्नेशियम १, ऑक्सिजन १. उलट फिरवलं तर मॅग्नेशियम +१ आणि ऑक्सिजन −१ येतं. दोन्ही चूक. मँगेनीज डायऑक्साइड, मँगेनीज १, ऑक्सिजन २: उलट फिरवलं तर मँगेनीज +२. खरं उत्तर +४, कारण दोन ऑक्सिजनचे −४ होतात. क्ष मांडून बेरीज करायला दहा सेकंद जास्त लागतील, पण संक्षेपाचा हा सापळा टळतो.

उत्तर विचित्र आलं तर

गणित बरोबर असूनही उत्तर पटत नाही, असं होतं. तेव्हा सूत्रात काहीतरी दडलेलं असतं.

बेरियम पेरॉक्साइड: बेरियम १, ऑक्सिजन २. सरळ हिशेबाने बेरियम +४. पण बेरियम दुसऱ्या गणातलं, ते +४ होऊ शकत नाही. इथे ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना जोडलेले आहेत आणि त्या जोडीचा मिळून प्रभार −२ आहे, प्रत्येकाचा −१. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्येही ऑक्सिजन −१ च.

पायराइट: लोह १, गंधक २. गंधक −२ धरलं तर लोह +४. इथेही गंधकाची जोडी आहे, जोडीचा प्रभार −२, लोह +२. सोडियम ॲझाइडमध्ये (सोडियम १, नायट्रोजन ३) तीन नायट्रोजन मिळून −१. प्रत्येकाला −३ दिलात तर सोडियमवर +९ येतील. उत्तरच ओरडून सांगतं की हा गट आहे.

अपूर्णांक आला तर वेगळी शंका घ्यायची. मॅग्नेटाइट: लोह ३, ऑक्सिजन ४. ३क्ष = ८, क्ष = २.६७. इलेक्ट्रॉनचे तुकडे होत नाहीत. ही सरासरी आहे. तीनपैकी एका लोहाचा प्रभार +२ आणि दोघांचा +३, बेरीज ८. शेंदूरही असाच: शिसं ३, ऑक्सिजन ४, पण तिथे दोन अणू +२ आणि एक +४. सरासरी दोन्हीकडे सारखी, आतली वाटणी निराळी. कोणते प्रभार शक्य आहेत हे धातूवर ठरतं: शिसं +२ किंवा +४ घेतं, +३ नाही.

कधी सरासरी पूर्णांक येते आणि तरीही फसवते. अमोनियम नायट्रेटमध्ये नायट्रोजनचे दोन अणू आहेत. सगळं सूत्र एकत्र घेऊन हिशेब केला तर प्रत्येकी +१ येतं, आणि त्या संयुगातल्या एकाही नायट्रोजनचा तो अंक नाही. गट वेगळे करा. अमोनियममध्ये (नायट्रोजन १, हायड्रोजन ४) क्ष + ४ = +१, नायट्रोजन −३. नायट्रेटमध्ये (नायट्रोजन १, ऑक्सिजन ३) क्ष − ६ = −१, नायट्रोजन +५. म्हणूनच दुसरी पायरी तिसरीच्या आधी.

आणि एक उदाहरण असं, जिथे उत्तर विचित्रही दिसत नाही. थॅलियम ट्रायआयोडाइड: थॅलियम १, आयोडिन ३. हिशेबाने थॅलियम +३, आणि थॅलियमचा +३ प्रभार इतर संयुगांत खरोखर सापडतो. तरीही इथे तो +१ आहे. आयोडिनचे तीन अणू एकमेकांना जोडून −१ चा एक गट झालेला आहे. +३ चा थॅलियम इलेक्ट्रॉनसाठी इतका आसुसलेला असतो आणि आयोडाइड तो इतक्या सहज देतो की दोघं शेजारी टिकत नाहीत. तांब्याचंही असंच: +२ च्या तांब्याच्या द्रावणात आयोडाइड घातलं की +१ च्या तांब्याचं आयोडाइड खाली बसतं आणि आयोडिन मोकळं होतं. आयोडाइड असेल तर धातूचा चढा प्रभार लगेच मान्य करू नये.

सूत्रच माहीत नसेल तर

मग तराजूकडे जावं लागतं. लोहाच्या तांबूस ऑक्साइडच्या १०० ग्रॅममध्ये ६९.९४ ग्रॅम लोह आणि ३०.०६ ग्रॅम ऑक्सिजन असतो. लोहाचं अणुवस्तुमान ५५.८५, ऑक्सिजनचं १६. भागाकार करा: लोह १.२५ मोल, ऑक्सिजन १.८८ मोल. म्हणजे लोहाच्या एका अणूमागे ऑक्सिजनचे दीड. प्रत्येक ऑक्सिजन दोन इलेक्ट्रॉन घेतो, दीड ऑक्सिजन तीन घेतात, म्हणून लोह +३. तांब्याच्या लाल ऑक्साइडमध्ये ८८.८२ टक्के तांबं असतं, काळ्यात ७९.८९ टक्के. अणुवस्तुमान ६३.५५ धरून हीच रीत वापरा. पहिल्यात एका तांब्यामागे अर्धा ऑक्सिजन येईल, दुसऱ्यात एक. प्रभार +१ आणि +२.

दुसरा मार्ग विजेचा, आणि तो मला जास्त आवडतो, कारण त्यात इलेक्ट्रॉन जवळपास थेट मोजले जातात. मायकेल फॅरेडे यांनी १८३० च्या दशकात विद्युत अपघटनाचे नियम मांडले, त्यांवर तो उभा आहे. एक मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार ९६,४८५ कूलोम. मोरचुदाच्या द्रावणातून १ अँपिअर प्रवाह १ तास सोडला तर ३,६०० कूलोम जातात, म्हणजे ०.०३७३ मोल इलेक्ट्रॉन. ऋण अग्रावर सुमारे १.१९ ग्रॅम तांबं जमा होतं, म्हणजे ०.०१८७ मोल. इलेक्ट्रॉन भागिले अणू: दोन. एका आयनाला अणू व्हायला दोन इलेक्ट्रॉन लागले, म्हणून द्रावणात तो +२ होता. तेवढाच प्रवाह तेवढाच वेळ सिल्व्हर नायट्रेटमधून सोडला तर चांदी सुमारे ४.०२ ग्रॅम जमते, म्हणजे ०.०३७३ मोल. भागाकार एक, चांदी +१.

प्रभार नावात कसा येतो

आल्फ्रेड स्टॉक यांनी १९१९ मध्ये सुचवलेल्या पद्धतीत धातूच्या नावापुढे कंसात रोमन आकडा लिहितात. लोहापुढे रोमन तीन दिसला की लोह +३, हिशेबच नको. जुन्या नावांत कमी प्रभाराला फेरस, क्युप्रस आणि जास्तीला फेरिक, क्युप्रिक असं म्हणत. ही नावं अजून भेटतात, पण ती आकडा सांगत नाहीत: फेरस +२ तर क्युप्रस +१. सोडियम, कॅल्शियम, ॲल्युमिनियम यांच्यापुढे रोमन आकडा लिहीत नाहीत, कारण तिथे निवड करायला दुसरा प्रभारच नाही.

हात बसण्यासाठी

प्रत्येकात आधी गट शोधा, मग क्ष मांडा.

१. क्रोमियमचं हिरवं ऑक्साइड: क्रोमियम २, ऑक्सिजन ३.
२. कॅल्शियम फॉस्फेट: कॅल्शियम ३, फॉस्फेट २. फॉस्फेटमधल्या फॉस्फरसचा अंक काढा (फॉस्फरस १, ऑक्सिजन ४).
३. कॅल्शियम कार्बाइड: कॅल्शियम १, कार्बन २. कार्बनचा अंक काढा.
४. शिशाचं डायऑक्साइड: शिसं १, ऑक्सिजन २.

उत्तरं: पहिल्यात क्रोमियम +३. दुसऱ्यात क्ष − ८ = −३, फॉस्फरस +५. तिसऱ्यात कॅल्शियम +२, म्हणून दोन कार्बनची जोडी −२ आणि प्रत्येक कार्बन −१. चौथ्यात शिसं +४. सूत्राचा साचा बेरियम पेरॉक्साइडसारखाच आहे, पण शिसं १४ व्या गणातलं, त्याला चार इलेक्ट्रॉन देता येतात, म्हणून इथे ऑक्सिजनची जोडी मानायची गरज पडत नाही.